दुसरा नळ

लोणावळ्याच्या पठारावर वळवण, शिरवता आणि लोणावळा या तलावांत पावसाळ्यात साठविलेले पाणी घाटाच्या कड्यावरून लोखंडी नळांतून खाली उतरते, खोपोली येथे १९१५ पासून चालत आलेल्या टाटांच्या वीजगृहातील चक्रे फिरविते, आणि वीज देऊन मोकळे झाले म्हणजे पाताळगंगेच्या पात्राला येऊन मिळते. त्या पात्रातून ते पंपांनी उपसले जाते, तुरटीने निवळविले जाते, वाळूच्या थरांतून गाळले जाते, क्लोरीन मिसळून निर्जंतुक केले जाते, लांबच लांब जलवाहिन्यांतून पनवेल, नवीन पनवेल आणि कळंबोलीच्या वस्तीपर्यंत आणले जाते, तेथे इमारतीच्या तळटाकीत पडते, पुन्हा विजेच्या बळावर गच्चीवरील टाकीत चढते, आणि एवढा प्रवास, एवढे संस्कार व एवढा खर्च झाल्यानंतर त्यातील सुमारे एक तृतीयांश भाग शौचकूपात ओतून दिला जातो.

हे एक तृतीयांशाचे प्रमाण मी पदरचे सांगत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेने नागरी वस्तीतील माणसाची दैनंदिन गरज १३५ लिटर धरली आहे आणि त्यांपैकी ४५ लिटर शौचालयाच्या फ्लशसाठी म्हणून स्वतंत्र दाखविले आहेत. आज पनवेल महापालिकेच्या हद्दीत मोडणाऱ्या प्रदेशाची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत पाच लाखांच्या घरात होती. त्यानंतर येथे किती वस्ती वाढली हे खारघर-कामोठ्याच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या कोणालाही दिसते, परंतु त्या जुन्या आकड्यालाच धरून हिशेब मांडला तरी दररोज २ कोटी २५ लाख लिटर पिण्यायोग्य पाणी या एका कामी खर्ची पडावे असा संहितेचा मापदंड सांगतो. याच देशाने २०१९ साली जलजीवन मिशन सुरू करताना खेड्यातील माणसास दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठरविले, आणि ते उद्दिष्टही योग्यच होते. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले म्हणजे असे दिसते की, शहरातील मनुष्य दिवसभरात फ्लशची कळ दाबून जेवढे पाणी वाहवून देतो त्याहून थोड्याच अधिक पाण्यात खेड्यातील मनुष्याने पिणे, रांधणे, स्नान आणि धुणे हे सारे उरकावे अशी आपली अपेक्षा आहे. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या पनवेलच्या बाजारपेठेपासून फार दूर नाहीत, आणि तेथल्या स्त्रिया चैत्र-वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन किती चालतात हे ज्याने पाहिले आहे त्याला या हिशेबाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, पनवेलमध्ये यापुढे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या इमारतीत पिण्याच्या पाण्याच्या नळाबरोबर वापराच्या पाण्याचा दुसरा नळ असलाच पाहिजे. त्या दुसऱ्या नळात पावसाळ्याचे चार महिने त्या इमारतीच्याच गच्चीवर पडलेले पाणी आणि उरलेले आठ महिने त्या इमारतीतल्याच रहिवाशांच्या स्नानाचे व धुण्याचे शुद्ध केलेले पाणी खेळले पाहिजे. आणि या व्यवस्थेवरील देखरेख भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी संपता कामा नये, इमारत उभी आहे तोवर चालली पाहिजे. या तीन गोष्टींपैकी एक जरी सुटली तरी बाकीच्या दोन निरुपयोगी ठरतात, असे मला वाटते, आणि आजवर नेमके तेच घडत आले आहे.

ही मागणी परदेशाहून आणलेली नाही. कोकणातल्या जुन्या घरांची रचना ज्यांना आठवते त्यांना ठाऊक आहे की, पिण्याचे पाणी आणि वापराचे पाणी यांत आपल्या आजीपणजीने कधीही गल्लत केली नव्हती: पिण्याचे पाणी आडावरून शेंदून, फडक्याने गाळून, झाकून ठेवलेल्या कळशीत, पाय धुण्याचे व भांडी विसळण्याचे पाणी अंगणातल्या दोणीत किंवा हौदात, आणि न्हाणीतून बाहेर पडणारे पाणी एका उघड्या पाटाने परसात, जेथे केळीचा लोंगर धरे, अळूची पाने सुपाएवढी होत, आणि अगदी मोरीच्या तोंडाशी लावलेली कर्दळ तांबड्या-पिवळ्या फुलांनी डवरलेली असे. मृगाचा पहिला पाऊस कौलांवरची धूळ व पाचोळा धुऊन नेई, तो जाऊ द्यावयाचा आणि नंतरच्या पागोळ्यांखाली घागरी, पिंपे, घंगाळी मांडावयाची, हा नेम घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असे. त्या पहिल्या पावसाला सोडून देण्याची तरतूद आता अभियंते नळाला एक जादा झडप बसवून करतात, परंतु तिच्या मागचा विचार तोच आहे. घराच्या पातळीवर जे घडत होते तेच गावाच्या पातळीवरही होते. वडाळे, विश्राळे, कृष्णाळे, देवाळे या पनवेलच्या तळ्यांनी पिढ्यानुपिढ्या गावाची वापराच्या पाण्याची गरज अंगावर घेतली आणि विहिरींना पाझर दिला. आणि आणखी मागे जावयाचे तर पनवेलच्या दक्षिणेस महामार्गावरून ज्याचा सुळका दिसतो त्या कर्नाळ्याच्या किल्ल्यावर, त्या सुळक्याच्याच पायथ्याशी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. कान्हेरीच्या डोंगरातील भिक्षूंनी तर जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी टाके खोदले, कड्यावरून वाहणारे पावसाचे पाणी पन्हळी कोरून त्यात वळविले, आणि असे टाके दान देणाऱ्याचे नाव शिलालेखात कोरून ठेवण्याइतके ते पुण्यकृत्य मानले. ज्या जागी राहावयाचे त्याच जागी पडणारे पाणी धरावयाचे, हे या भूमीला दोन हजार वर्षांपासून अवगत आहे.

मग ते सुटले कोठे? पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे या प्रांतातील अगदी जुन्या नगरपालिकांपैकी एक. तिने माथेरानच्या पायथ्याशी गाढी नदीच्या खोऱ्यात देहरंग येथे स्वतःच्या मालकीचे धरण बांधले आणि त्या जलाशयाला अप्पासाहेब वेदकांचे नाव दिले, हे एका लहान गावाच्या दृष्टीने मोठ्या हिमतीचे काम होते आणि त्याचा अभिमान पनवेलकरांनी बाळगावा हे रास्तच आहे. परंतु नळाचे पाणी दाराशी आले तसतसे आड बुजले, हौद फुटले, आणि पिण्याचे व वापराचे असा भेद करण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. पुढे १९७० साली नवी मुंबई वसविणारी सिडको स्थापन झाली, खाजणांवर भराव पडले, कळंबोली, नवीन पनवेल, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या रचनेत रस्ते, उद्याने, शाळा, बाजार यांचा विचार जेवढ्या बारकाईने झाला तेवढ्या बारकाईने एका इमारतीतले पाणी त्या इमारतीत दोनदा वापरण्याचा विचार झाला नाही. पाताळगंगा आहे, पेणचे हेटवणे आहे, गरज वाढली तर आणखी एखादे धरण होईल, असा त्या काळाचा विश्वास होता. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुने गाव, या वसाहती आणि भोवतालची खेडी एकत्र करून महापालिका झाली, तेव्हा तिच्या पदरात गाळाने भरत चाललेले देहरंग आणि वेगवेगळ्या यंत्रणांकडून मिळणारे अपुरे पाणी असा वारसा पडला. उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारांत उभे राहणारे टँकर हा त्या वारशाचाच भाग आहे.

या प्रश्नावर आजवर जो उपाय सुचविला गेला, तो म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत जिरविणे. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजलसंचय सक्तीचा झाला, तमिळनाडूने २००३ साली तो सर्व इमारतींना लागू केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये आपल्या राज्य शासनाने जी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली अमलात आणली तिच्यातही ५०० चौरस मीटर व त्यांहून मोठ्या भूखंडांसाठी तशी तरतूद आहे. हेतूबद्दल वाद नाही. परंतु एका प्रदेशाला मानवणारा उपाय दुसऱ्या प्रदेशाला जसाच्या तसा मानवतो असे नाही, आणि पनवेलच्या बाबतीत या उपायाच्या दोन अडचणी स्पष्टपणे बोलल्या जात नाहीत, म्हणून त्या येथे मांडणे मला अगत्याचे वाटते.

पहिली अडचण जमिनीची आहे. कळंबोली, कामोठे आणि खारघरचा खाडीकडचा भाग भरतीच्या पातळीला लागून असलेल्या खाजणावर भराव घालून तयार झाला. पावसाळ्यात खाडीला उधाण आले की रस्त्यांवरचे पाणी बाहेर टाकता यावे म्हणून सिडकोने तेथे धारण तलाव आणि झडपांचे दरवाजे बांधले, यावरूनच त्या भूमीचे स्वरूप ध्यानात यावे. अशा ठिकाणी श्रावणात शोषखड्डा खणला तर तो आधीच भरलेला सापडतो. त्यात आणखी पाणी ओतून कोणाच्या विहिरीला ते मिळणार? डोंगराकडच्या बाजूला खाली काळा कातळ आहे, भेगा असतील तेथेच तो पाणी धरतो आणि धरलेले पुष्कळसे पाणी उन्हाळ्याच्या आत ओढ्यानाल्यांना सोडून देतो. दुसरी अडचण काळाची आहे. पनवेल तालुक्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या चार महिन्यांत देहरंगच्या सांडव्यावरूनही पाणी वाहत असते, म्हणजे ज्या काळात आपण घरी पाणी वाचवू शकतो त्या काळात धरणाला त्या बचतीची गरज नसते, आणि ज्या काळात धरण आटते त्या काळात आकाशातून थेंबही येत नाही.

एक हिशेब मांडून दाखवितो. ५०० चौरस मीटरांची गच्ची आणि चोवीस बिऱ्हाडे असलेली एखादी इमारत घेऊ. तीत साधारण शंभर माणसे राहतात असे धरू. गच्चीवर वर्षभरात १५ लाख लिटर पाणी पडते, आणि पहिल्या पावसाचे व उडून-सांडून गेलेले वजा केले तरी १२ लाख लिटर हाती लागावे. शंभर माणसांच्या फ्लशला दररोज ४,५०० लिटर लागतात, म्हणजे पावसाळ्याच्या १२० दिवसांत ५ लाख ४० हजार लिटर. गच्चीवरचे पाणी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. श्रावणात चार-पाच दिवसांची उघडीप पडली तरी निभावे एवढी, २५ हजार लिटरांची टाकी बांधली की चार महिने त्या इमारतीच्या फ्लशला पाताळगंगेचा एक थेंबही लागणार नाही, आणि पाणी उपसण्या-शुद्ध करण्याचा तेवढा खर्च वाचेल. येथवर सारे उत्तम आहे. परंतु तेच पाणी ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत पुरवावयाचे म्हटले तर २४० दिवसांसाठी १० लाख ८० हजार लिटरांचा साठा हवा, म्हणजे २० मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असा हौद. तोक्योमध्ये सुमो कुस्त्यांसाठी १९८५ साली बांधलेल्या कोकुगिकान या प्रचंड सभागृहाच्या आठ हजारांहून अधिक चौरस मीटरांच्या छपरावरील पावसाचे पाणी तळघरातील टाकीत साठवून शौचालयांना पुरविले जाते, आणि त्या टाकीची क्षमता १० लाख लिटर आहे. म्हणजे एका राष्ट्रीय क्रीडागृहाच्या पोटात जेवढी टाकी आहे तेवढी पनवेलमधल्या चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीखाली घालावी लागेल. तोक्योत पाऊस पनवेलच्या निम्मा असला तरी तो वर्षभर विखुरलेला असतो, म्हणून तेथे टाकी रिकामी होते व भरते, भरते व रिकामी होते. आपल्याकडे ती एकदा भरेल आणि मग आठ महिने फक्त उतरत जाईल.

म्हणून पनवेलच्या गरजेचे खरे उत्तर गच्चीवर नाही, न्हाणीघरात आहे. स्नानाचे आणि धुण्याचे पाणी हे असे पाणी आहे की ज्याला ऋतू नाही; वैशाखात तर ते आषाढापेक्षा अधिकच असते, कारण उकाड्यात माणसे दोनदा स्नान करतात. दरडोई १३५ लिटरांतून फ्लशचे ४५ वजा केले तर जे ९० उरतात त्यांतील पिण्या-रांधण्याचा वाटा अगदी थोडा. स्नान आणि धुणे यांतून बाहेर पडणारे पाणी फ्लशच्या गरजेहून अधिक भरते. त्यात साबण, तेल, केस आणि अंगावरचा मळ असतो, मैला नसतो, आणि म्हणूनच ते सांडपाण्याच्या मोठ्या प्रवाहात मिसळू न देता वेगळे काढले तर थोड्या श्रमात वापरण्याजोगे होते: आधी जाळीतून गाळावे, मग एका टाकीत निवळू द्यावे, वाळू-खडीच्या थरांतून उतरवावे किंवा हवा खेळवून जंतूंकरवी त्यातला मळ खाववावा, शेवटी क्लोरीनची मात्रा द्यावी, आणि दिवसाच्या आत वापरून टाकावे, कारण हे पाणी साठवून ठेवले की कुजते आणि दुर्गंधी सुटते. जागा असेल तेथे खडीच्या वाफ्यात कर्दळ लावून तिच्या मुळांतून हे पाणी उतरविण्याची रीत आज शास्त्रज्ञांनी मान्य केलेली आहे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने युनिसेफच्या सहकार्याने मध्य प्रदेशातील आदिवासी भागांतल्या आश्रमशाळांत मुलांच्या स्नानाचे पाणी साध्या गाळण्यांतून शुद्ध करून शौचालयांना पुरविण्याची योजना राबविली आणि २००७ साली तिची मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. ज्या शाळांत शौचालये बांधून झाली पण पाण्यावाचून कुलपे लागली, त्या शाळांत अशा रीतीने ती वापरात आली. आश्रमशाळेला जे जमते ते लिफ्ट, जनरेटर आणि पहारेकरी बाळगणाऱ्या गृहसंकुलाला जमू नये, याला मला सबळ कारण सापडत नाही.

येथे कोणी म्हणेल की, कायद्यात हेही आहे. आहे. एकत्रीकृत नियमावलीत सांडपाण्याच्या पुनर्वापराची स्वतंत्र तरतूद आहे. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांना पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या मंजुरीच्या अटींत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र व दुहेरी नळयोजना बहुधा असतेच. पण नकाशावर निळ्या-हिरव्या रेघांनी दाखविलेली ही योजना इमारतीत राहावयास गेल्यावर पुष्कळदा अशा अवस्थेत आढळते: केंद्र बांधलेले आहे, पंप बसविलेला आहे, उद्घाटनाच्या वेळचा रंगही टिकून आहे, परंतु ते चालत नाही. बिल्डर इमारत सोसायटीच्या हवाली करून निघून जातो. नवी समिती पहिल्या वर्षीचे विजेचे बिल पाहते, तळघरातून येणाऱ्या वासाबद्दल तक्रारी ऐकते, यंत्र चालविणारा माहीतगार माणूस महिना किती पगार घेईल याची चौकशी करते, आणि एखाद्या सभेत, कोणाच्याही मनात वाईट नसता, ते बंद ठेवण्याचा ठराव होतो. फ्लशच्या टाकीला पिण्याच्या पाण्याचा नळ जोडला जातो आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. दोष त्या सोसायटीचा म्हणून सोडून देता येणार नाही. जी गोष्ट चालू ठेवली तर खर्च आपला आणि बंद ठेवली तर विचारणारा कोणी नाही, ती गोष्ट सामान्य माणसे बंदच ठेवतील. येथे कसूर आहे ती व्यवस्थेची, जिने परवाना देताना दहा दाखले मागितले आणि परवाना दिल्यानंतर दप्तर बांधून ठेवले.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या शहराने या बाबतीत जे केले ते आपल्या अधिकाऱ्यांनी बारकाईने अभ्यासावे. तेथे २०१२ साली इमारतीतच गोळा झालेले पावसाचे, स्नानाचे व इतर पाणी पिण्याखेरीज इतर कामांना वापरण्यास रीतसर मुभा देणारा कायदा झाला, २०१५ पासून अडीच लाख चौरस फुटांहून मोठ्या नव्या इमारतींना तो सक्तीचा झाला, आणि पुढे ती मर्यादा एक लाखावर आणली गेली. या कायद्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मर्यादेचा आकडा ही नाही. तेथे अशी यंत्रणा चालविण्यासाठी आरोग्य खात्याचा स्वतंत्र परवाना लागतो, पाण्याची तपासणी ठराविक मुदतीने करावी लागते आणि तिचे अहवाल त्या खात्याकडे रुजू करावे लागतात; म्हणजे बांधकामाची परवानगी देणारे खाते आणि पाण्यावर पुढे नजर ठेवणारे खाते अशी दोन दप्तरे जागी राहतात. पनवेल महापालिकेपाशी आरोग्य विभाग आहे, पाणीपुरवठा विभाग आहे, मालमत्ता कराची नोंदवही आहे. वर्षातून दोनदा निरीक्षकाने जाऊन फ्लशच्या टाकीतील पाण्याचा नमुना घ्यावा, तो अधिकृत प्रयोगशाळेत तपासला जावा, यंत्रणा चालू असल्याचा दाखला मिळालेल्या सोसायटीला पाणीपट्टीत भरघोस सूट मिळावी, आणि ज्या इमारतीत केंद्र बंद ठेवून फ्लशला पिण्याचे पाणी जोडलेले आढळेल तिच्याकडून त्या पाण्याचा दर टँकरच्या भावाने वसूल व्हावा. एवढ्या तजविजीला नव्या धरणाएवढा पैसा खचित लागणार नाही.

सूट देण्याबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण दंडाच्या भीतीने चालणारी गोष्ट दंड करणारा बदलला की थांबते. विजेचे बिल येते तेव्हा सोसायटीला त्या आकड्यासमोर ठेवावयास दुसरा आकडा हवा असतो. वाचलेल्या टँकरांचा आणि कमी झालेल्या पाणीपट्टीचा तो आकडा महापालिकेने तिच्या हाती दिला पाहिजे.

आरोग्याची शंका मात्र खरी आहे आणि तिची हेटाळणी करणे गैर होईल. दोन नळ एकाच भिंतीतून जाऊ लागले की एखाद्या दुरुस्तीच्या वेळी अडाणीपणाने त्यांचा एकमेकांशी जोड होण्याचा धोका असतो, आणि तसे झाले तर शंभर माणसांच्या पिण्याच्या पाण्यात दोष शिरेल. यावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत: वापराच्या पाण्याचे नळ आरंभापासून शेवटपर्यंत वेगळ्या रंगाचे असावेत, त्यांच्यावर मराठीत व हिंदीत ठळक अक्षरांत सूचना असावी, पिण्याच्या टाकीतून वापराच्या टाकीत पाणी सोडावयाचे झाल्यास ते उंचावरून मोकळे पडावे म्हणजे उलट ओढले जाणार नाही, आणि हे काम परवानाधारक प्लंबरखेरीज कोणीही करू नये. सोवळ्याच्या कल्पनेने जे बिचकतात त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, हे पाणी स्वयंपाकघरात येणार नाही, देवघरात येणार नाही, ते जाणार आहे शौचकूपात, बागेत आणि गाड्या धुण्याच्या जागी. आणि ज्या पाण्याचा आपण नैवेद्य दाखवितो तेच पाणी शौचकूपात ओतण्यात पावित्र्याची कोणती जपणूक होते, याचा त्यांनी शांतपणे विचार करावा.

आणखी एक गोष्ट आहे जी माझ्या मते या सर्वांहून गंभीर आहे. शुद्धीकरणाच्या टाक्यांच्या तळाशी गाळ साचतो, तो वेळोवेळी काढावा लागतो, आणि या देशातील अनेक शहरांत अशा टाक्यांत उतरलेली गरीब माणसे विषारी वायूने गुदमरून मेलेली आहेत. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशा कामाला माणसे उतरविण्यास बंदी घातली आहे. ज्या इमारतीत असे केंद्र असेल तेथील समितीने गाळ यंत्रानेच काढला जाईल असा लेखी करार केला पाहिजे, आणि महापालिकेने तो करार पाहिल्याशिवाय दाखला देता कामा नये. पाणी वाचविण्याच्या कामात एका माणसाचाही जीव जाणार असेल तर तसे पाणी वाचविले नाही तरी चालेल.

आता उरतो तो वेळेचा प्रश्न. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच्या भोवतालच्या गावांत, विमानतळाचे प्रभावक्षेत्र म्हणून अधिसूचित झालेल्या नैना क्षेत्रात, पनवेलहून मुंबई-पुणे-गोवा या सगळ्या दिशांना जाणाऱ्या रस्त्यांलगत बांधकामांची जी रीघ लागली आहे ती अजून दीर्घकाळ चालणार आहे. इमारत उभी राहत असताना दुसऱ्या नळासाठी भिंतीत जागा ठेवणे, न्हाणीघराचे निचऱ्याचे नळ शौचालयाच्या नळांपासून वेगळे खाली आणणे, तळघरात दोन जादा टाक्या बांधणे, याला एकूण बांधकामाच्या मानाने अल्प खर्च येतो. तीच गोष्ट दहा वर्षांनी, माणसे राहत असताना, फरश्या उखडून करावयाची म्हटली तर कोणतीही सोसायटी धजणार नाही. पुढच्या काही वर्षांत मंजूर होणाऱ्या नकाशांवर पनवेलची पुढची पन्नास वर्षे ठरणार आहेत, म्हणून ही मागणी आज करावयाची.

जुन्या इमारतींचे काय, असे विचारले जाईल. त्यांच्याकडून सर्व काही अपेक्षिणे अन्यायाचे होईल, पण त्यांनाही काही करता येते. आपल्याकडील पुष्कळ जुन्या इमारतींत शौचालयाचा नळ वेगळा आणि नहाणी ट्रॅपमधून येणारा न्हाणीघराचा नळ वेगळा असा बाहेरच्या भिंतीवरून उतरतो, आणि दोन्ही एकत्र होतात ते तळाशी, चेंबरमध्ये. तेथे प्लंबरला बोलावून पाहणी केली तर स्नानाचे पाणी वेगळे काढता येते की नाही हे कळते. त्यात स्वयंपाकघरातील मोरीचा नळ मिसळलेला असेल तर खरकटे आणि तेल यांमुळे काम अवघड होते, तेव्हा आधी तो बाजूला घ्यावा लागेल. मुंबईत कित्येक इमारतींना फ्लशची स्वतंत्र टाकी असते आणि तिच्यात विहिरीचे पाणी चढविले जाते. तशी टाकी ज्या सोसायटीत आहे तिचे निम्मे काम झालेलेच आहे. ज्यांना यातले काहीच शक्य नाही त्यांनी निदान गच्चीवरच्या पावसाच्या नळांना झडपा बसवून एका टाकीपर्यंत आणावे आणि पावसाळ्यात बाग, जिने, वाहनतळ व गाड्या धुण्यासाठी नळाचे पाणी वापरणे थांबवावे. नळ फिरविणे, गच्ची घासून स्वच्छ करणे, टाकीची डागडुजी आणि जाळ्या बसविणे ही कामे मार्च ते मे या कोरड्या महिन्यांतच होतात. आणि सोसायट्यांच्या वार्षिक सभा भरतात त्या पावसाळा संपत आल्यावर, तेव्हा या खर्चाची मंजुरी त्याच सभेत घेऊन ठेवली नाही तर आणखी एक मृग कोरड्या टाकीवरून निघून जातो.